पत्र्यावर आणि स्लॅबवर मारायचा पांढरा हीट कोट: भुसावळच्या उन्हात वापरून बघितला

आधीच सांगते, घेण्यासारखी वस्तू आहे. ज्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब नाहीतर पत्रा आहे आणि वर दुसरा मजला नाही, त्यांनी एसीचे हप्ते सुरू करायच्या आधी हे करून बघावं. पण डब्यावर आणि पॅम्प्लेटवर जे लिहिलेलं असतं ते सगळं जसंच्या तसं धरू नका, त्यात काय खरं आणि काय फुगवलेलं ते खाली सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण हीट प्रूफ, कूल कोट, कूल रूफ अशा नावांनी चार-पाच कंपन्यांचा जवळपास सारखाच माल मिळतो, नावापेक्षा डब्यावरचे आकडे बघायचे असतात.

आमचं घर म्हणजे खाली स्लॅबच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर अर्धी गच्ची आणि अर्ध्यात पत्र्याची खोली. त्या पत्र्याच्या खोलीत माझं शिलाईचं काम चालतं. आपल्याकडे लग्नसराई आणि आखाजी (अक्षय तृतीया) येते ती नेमकी एप्रिल-मे मध्ये, म्हणजे ब्लाउजची सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त ऊन एकाच वेळी. दुपारी दोन-अडीचला मशीनच्या लोखंडी चाकाला हात लावला तर चटका बसायचा, कात्री धरवायची नाही, घामाचा थेंब रेशमी कापडावर पडला की डाग, म्हणून गळ्यात पंचा आणि मनगटाला रुमाल बांधून बसायचं. पंखा लावला तर वरून भट्टीची हवा खाली यायची. खोलीत एक साधा काट्याचा थर्मामीटर लावलाय, बाहेर ४४ असताना तो आत ४५-४६ दाखवायचा, म्हणजे सावलीत बसूनसुद्धा उन्हापेक्षा जास्त तापमान. हवामान खात्याच्या हिशोबात मैदानी भागात पारा ४५ ला गेला की उष्णतेची लाट आणि ४७ ला गेला की तीव्र लाट. पण तो आकडा मोकळ्या जागेत ठेवलेल्या, आत सावली आणि हवा खेळती असलेल्या पेटीतला असतो. पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाच्या अंगावरचा आकडा कोणी मोजतच नाही.

दुकान. भुसावळला रंगाची दुकानं पुष्कळ आहेत, मी जिथून घेतलं तिथल्या आप्पांचं कौतुक करायला हवं. पहिल्यांदा पोऱ्याने मला साधा पांढरा एक्स्टेरियर रंग दाखवला, "पांढरं ते पांढरंच ना ताई" म्हणे. आप्पांनी त्याला थांबवलं आणि आतून दुसरी बादली आणायला लावली जिच्यावर एसआरआय लिहिलेलं होतं. हा आकडा (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स) समजून घ्या, सगळा खेळ त्याचाच आहे. रंग ऊन किती परत फेकतो आणि तापलेली उष्णता किती लवकर सोडून देतो, या दोन्ही गोष्टी मिळून तो काढतात. ठरवलेल्या काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरवलेल्या पांढऱ्याला १०० धरतात, चांगला कोट १०० च्या वर जातो. ज्या डब्यावर हा आकडाच नाही आणि नुसतं सूर्याचं आणि बर्फाचं चित्र आहे तो डबा ठेवून द्या. आप्पा एक गोष्ट अजून बोलले ती खूप कामाची निघाली, "ताई, दुपारी मारू देऊ नका. पत्रा तापलेला असला की रंग धरायच्या आधीच वाळतो आन पावसाळ्यात पापुद्रे निघतात." म्हणून पहाटे आणि संध्याकाळी काम करून घेतलं.

काम करणाऱ्यांवर मात्र उभं राहून लक्ष ठेवावं लागतं. आम्ही ज्याला ठेका दिला त्याच्या माणसांनी दुसऱ्या हाताला बादलीत भरपूर पाणी घालायला घेतलं, म्हणजे माल वाचतो आणि काम लवकर उरकतं. पहिला हात पातळ चालतो, तो प्रायमरसारखा आत मुरायला असतो, पण दुसरा हात जाडच हवा नाहीतर खालचा सिमेंटचा रंग डोकावतो आणि पैसे पाण्यात. मी तिथेच उभी होते म्हणून ते थांबलं, मग नवी बादली फोडून नीट जाड हात मारून घेतला. त्याच्या आधीची तयारी हेच खरं काम आहे. स्लॅब तारेच्या ब्रशने घासायचा, शेवाळ्याचे काळे डाग पूर्ण काढायचे, धुवून एक दिवस कडक वाळू द्यायचा, भेगा भरायच्या. पत्र्यावर जिथे जिथे गंज होता तिथे घासून रेड ऑक्साइड मारलं आणि हुकाचे जुने वायसर बदलले. एक हात आडवा, एक हात उभा. वीस लिटरच्या बादलीत साधारण पाचशे-सहाशे चौरस फूट दोन हातात होतं. मजुरी, घासणी सगळं धरून चौरस फुटाला पंधरा-सोळा रुपयांच्या आसपास पडलं.

आता फरक. पत्र्याच्या खोलीत बाहेर ४४ असताना आता काटा ४१ च्या आसपास थांबतो. खालच्या स्लॅबच्या खोलीत तीनेक डिग्रीचा फरक आहे. ऐकायला तीन ते पाच डिग्री कमी वाटतं पण त्याच्यात बसून बघा. आधी दुपारी बारानंतर मशीन बंद करून खाली यायचे ते चारपर्यंत, आता सलग काम होतं, चाकाला चटका नाही. आणि सगळ्यात मोठा फरक रात्रीचा. आधी रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर तवा विझवल्यावर जसा कोमट-गरम राहतो तसा स्लॅब लागायचा, आता छत हाताला साधं लागतं. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, त्या गेल्या उन्हाळ्यात रात्रभर ओला पंचा अंगावर घेऊन बसायच्या. आता म्हणतात, "जीवात जीव आला व माय."

पॅम्प्लेटवर "१५ डिग्रीपर्यंत थंडावा" असं मोठ्या अक्षरात छापलेलं आहे. हे वाचून लोकं घेतात आणि मग शिव्या घालतात. १५ डिग्रीचा फरक पडतो तो छताच्या वरच्या अंगाला, म्हणजे तुम्ही गच्चीत अनवाणी उभे राहिलात तर पायाला. उघडा स्लॅब मे महिन्याच्या दुपारी ६० च्या आसपास तापतो, कोट मारलेला त्याच्यापेक्षा खूपच कमी. खोलीच्या हवेत तो फरक तीन ते पाच डिग्रीवर येतो कारण भिंती आहेत, खिडक्या आहेत, दारातून लू आत येते, त्या सगळ्याचं तो कोट काही करू शकत नाही. आमची पश्चिमेची भिंत अजून तशीच तापते, तिथे बाहेरून बांबूची चटई बांधली तेव्हा कुठे जरा बरं झालं. दुकानदारांनी हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलं तर माल जास्त खपेल, कमी नाही.

हे होतं कसं ते माझ्या मुलाने मला समजावलं आणि एकदा समजल्यावर सगळं नीट लक्षात राहतं. दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास उष्णता पडते, म्हणजे मोठ्या इस्त्रीइतकी. जुना काळपट स्लॅब त्यातली सत्तर-पंच्याहत्तर टक्के पिऊन घेतो, चांगला पांढरा कोट वीस टक्क्यांच्या आसपास. प्यालेली उष्णता स्लॅबमधून हळूहळू खाली झिरपते, त्याला काही तास लागतात, म्हणून ऊन उतरल्यावर घर जास्त तापलेलं लागतं. पत्र्याचं अजून वेगळं. नवा पत्रा चकचकीत असतो, ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, तरी तो जाळतो, कारण धातूला आपली उष्णता बाहेर सोडता येत नाही, धरून बसतो. कोट मारल्यावर तो फेकतोही आणि सोडतोही. माझं माहेर यावल तालुक्यातलं, तिथे लहानपणी आमचं धाब्याचं घर होतं, वर लाकडाचे सरे आणि त्याच्यावर हातभर माती. त्या मातीतून ऊन आत यायला अख्खा दिवस लागायचा आणि तोपर्यंत रात्र होऊन ते परत वर निघून जायचं. आता धाबं कोणाला नकोय, गळतं, दरवर्षी माती टाकावी लागते, ते खरंच आहे, पण त्याच्या जागी आपण चार-पाच इंचाचा स्लॅब टाकला आणि उन्हाचा काही विचारच केला नाही.

आता एसीबद्दल, कारण घरात आधी तोच विषय होता. नवरा म्हणत होता दीड टनाचा घेऊन टाकू. मी एसीच्या विरोधात नाही, म्हाताऱ्या माणसाला, बाळंतिणीला, आजाऱ्याला लागतो तर लावावाच, ४५-४६ मध्ये तो चैनीचा विषय राहत नाही. पण तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणं म्हणजे मशीनला रात्रभर स्लॅबशी भांडायला लावणं. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो, रात्रीचे आठ तास धरले तर दहा-बारा युनिट. ही वीज येते कुठून? आपल्या भुसावळकरांना हे कोणी सांगायला नको, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या घरून दिसतात, ५०० मेगावॉटचे दोन संच आणि नवा ६६० मेगावॉटचा, रेल्वेने कोळसा येतो आणि जळतो. देशभराची सरासरी काढली तरी एका युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, नुसत्या कोळशाच्या विजेचा त्याहून जास्त. दीपनगरने आपल्या भागात किती घरं चालवली ते मला माहितीये, माझ्या नात्यातली माणसं तिथे कामाला आहेत, त्यामुळे उद्या बंद करा असं म्हणणं माझ्या तोंडी येणार नाही. पण खान्देशातच साक्रीला शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, ब्राह्मणवेलला डोंगरावर पवनचक्क्यांची रांग आहे, म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही आपल्याकडे भरपूर आणि त्याची वीज करता येते हे आपल्या डोळ्यासमोर सिद्ध झालेलं आहे. पुढची वीज तिकडून वाढावी आणि कोळसा हळूहळू कमी व्हावा, त्यात काम करणाऱ्यांना आधी दुसरं काम देऊन, असं मला मनापासून वाटतं.

एसीत नुसती विजेचीच गोष्ट नाही, आतल्या गॅसची पण आहे. जुन्या एसीत आर-२२ असायचा, मग आर-४१० ए आला, आता बहुतेक नव्या एसीत आर-३२ असतो. गॅस गळून हवेत गेला तर आर-४१० ए चा एक किलो हा दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडकवतो, आर-३२ चा ६७५ किलोएवढी. मेकॅनिक येतो, नळी सोडतो, उरलेला गॅस फुस्स करून हवेत जातो आणि नवा भरतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. २०१६ मध्ये किगाली करार झाला तो हे गॅस कमी करण्यासाठीच, भारताने २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायचं मान्य केलंय. तोपर्यंत एवढं तरी करा, एसी घेतला तर आर-३२ किंवा त्याच्याहून कमी आकड्याचा बघा, आणि सर्व्हिसिंगवाल्याला गॅस सोडू देऊ नका, सिलेंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.

कूलरचं काय, तर आपल्या कोरड्या हवेत कूलरसारखं दुसरं काही नाही, मे मध्ये हवेत ओलावाच नसतो त्यामुळे पाणी पटापट उडतं आणि हवा चांगली दहा-बारा डिग्रीने उतरते. छत तापायचं कमी झाल्यापासून तोच जुना लोखंडी कूलर, त्याच वाळ्याच्या ताट्या, पण खोली लवकर गार होते. दोन अडचणी आहेत. एक पाणी, मोठा कूलर दिवसभरात टाकीभर पाणी पितो आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सगळ्यांना माहितीये. दुसरी म्हणजे जून, ढग भरून आले, ओलावा वाढला की कूलर नुसता चिकट वारा फेकतो. आणि हवा जितकी तापते तितकं जास्त बाष्प धरते, एका डिग्रीला सात टक्के या हिशोबाने, म्हणजे पुढच्या काळात दमट उकाडाही वाढणार आणि पाऊस पडेल तेव्हा एकदम ओतणार. त्या दिवसांत कूलर नाही, छताचा कोट कामाला येतो, कारण त्याला ओलाव्याशी देणंघेणं नाही.

हे सगळं एवढं तापतंय का, यावर आमच्या गल्लीत दोन मतं आहेत. समोरचे जिभाऊ म्हणतात, भुसावळ-जळगाव आधीपासूनच तापतं, आमच्या लहानपणीही लू लागून माणसं मरायची. ते खरं आहे. सातपुडा वर, मध्ये तापीचं खोरं, समुद्र लांब, राजस्थान-मध्य प्रदेशाकडून कोरडा वारा, त्यामुळे इथे ऊन आहेच. पण आधीच तापलेल्या जागेवर अजून दीड डिग्री चढली तर काय होतं हा प्रश्न आहे. कारखाने आणि कोळसा सुरू व्हायच्या आधी हवेत दहा लाखात २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेलाय. जागतिक हवामान संघटनेच्या हिशोबाने २०२४ हे आजवरचं सगळ्यात गरम वर्ष, १८५० ते १९०० च्या सरासरीपेक्षा जवळपास १.५५ डिग्रीने जास्त. हा गॅस उन्हाला आत येऊ देतो पण जमिनीची तापलेली उष्णता वर जाताना अडवतो, त्यामुळे रात्री गार होणं कमी होतं. दिवसा सोसलेलं ऊन शरीर रात्री भरून काढतं, रात्रच गार नसेल तर दुसऱ्या दिवशी माणूस उन्हात आधीच थकलेला उतरतो, आणि म्हातारी माणसं जास्त करून अशीच जातात. मे २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यात उन्हासाठी १४४ चा आदेश निघाला होता, भर दुपारी मजुरांना उन्हात राबवू नका म्हणून. दंगलीसाठी वापरायचं कलम उन्हासाठी काढावं लागलं, यावरून काय ते समजा.

आणि गच्चीच्या पांढऱ्या कोटाचं जे गणित आहे तेच पृथ्वीलाही लागू होतं, हे मला फार विचार करायला लावणारं वाटलं. उत्तर ध्रुवाकडचा ताजा बर्फ ८०-९० टक्के ऊन परत फेकतो, तो वितळून खालचं काळं पाणी उघडं पडलं की तेच पाणी नव्वद टक्क्यांच्या वर पिऊन घेतं, मग अजून तापतं, अजून बर्फ जातो. म्हणजे तिकडे जगाचा कोट निघत चाललाय. आपण आपल्या गच्च्या पांढऱ्या करून तो भरून निघणार नाही, तेवढी आपली गच्ची मोठी नाही. हा कोट आपल्याला उन्हापासून वाचवतो, ऊन वाढायचं थांबवत नाही. ते थांबवायला कोळसा, डिझेल, पेट्रोल कमीच करावं लागेल, आणि ज्यांनी जास्त जाळलं त्यांनी आधी कमी करावं. भारतातल्या एका माणसामागे वर्षाला दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकेतल्या माणसामागे चौदा टनांच्या आसपास. आणि भारतातले ते दोन टनसुद्धा सरासरी आहेत, पत्र्याखाली एक पंखा आणि एक बल्ब वापरणाऱ्या बाईच्या वाट्याला त्यातलं किती येत असेल? पण तापणार आधी तिचंच घर. याचा मला राग येतो आणि तो यायलाच पाहिजे.

ज्यांना पंधरा रुपये फूट परवडत नाही त्यांच्यासाठी चुना आहे. कळीचा चुना विरवून, गाळून, त्याच्यात थोडा फेविकॉल आणि पांढरं सिमेंट घालून फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हात मारायचे, फुटाला एक-दोन रुपयात होतं. ऊन चांगलंच फेकतो. दोष एवढाच की पहिल्या दोन-तीन पावसात धुवून जातो, दरवर्षी मारावा लागतो आणि पत्र्यावर नीट धरत नाही, पोपडे येतात. स्लॅबवाल्यांनी बिनधास्त चुना करावा. माझ्या नणंदेने तिच्याकडे तेच केलंय आणि फरक जवळपास आमच्याइतकाच आहे. हात मारताना मात्र डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे घाला, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट.

आता तक्रारी, म्हणजे कोटाच्या. बायकांनी हे नक्की वाचा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर बिबडे, कुरडया, शेवया, नागलीचे पापड पडतात. कोटावर थेट साडी टाकून वाळवण घातलं तर गच्ची तापत नाही त्यामुळे खालून वाळायला वेळ लागतो, बिबड्यांना अख्खा जास्तीचा दिवस लागला. खाट टाकून त्याच्यावर साडी घातली तर प्रश्नच नाही, खालून वारा लागतो आणि कोटावरून फेकलेलं ऊनही लागतं, उलट कुरडई जास्त पांढरी राहिली. कोटावर अन्न थेट टाकू नका, तो शेवटी रंग आहे. दुसरं, दुपारी गच्चीत डोळे उघडवत नाहीत इतकं चकाकतं, शेजारच्या उंच घराच्या खिडकीत तो उजेड जातो, आम्ही त्यांना आधी विचारून घेतलं होतं. तिसरं, ओली झाली की घसरते, सासूबाईंना पावसात वर जाऊ देत नाही. कंपन्या आता वाळू मिसळलेला खरखरीत प्रकारही देतात, चालायच्या वाटेपुरता तो घ्या. चौथं, हे वॉटरप्रूफिंग नाही. गळती असेल तर ती आधी वेगळी काढा, कोटाच्या भरवशावर राहू नका. आणि पाचवं म्हणजे धूळ, ती आपल्याकडे भरपूर, वावटळीचे दिवस आले की आठवड्यात कोट मातकट दिसतो आणि मळला की ऊन फेकायचं कमी होतं. उन्हाळा लागायच्या आधी एकदा झाडू आणि पाणी मारून धुवावाच लागतो. थंडीत खोली जरा जास्त गार लागते पण आपल्याकडची थंडी म्हणजे दोन गोधड्यांचं काम.

अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात लाटेत तेराशेच्या वर जादा माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे झोपडपट्टीतली छपरं पांढरी करायचं कामही घेतलं. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच काढलं. आपल्या इथे खान्देशात हे सरकारी पातळीवर व्हावं, निदान अंगणवाड्या, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आरोग्य उपकेंद्रं एवढी तरी. एका शाळेच्या छताला लागतो तो खर्च कार्यक्रमाच्या मंडपाएवढाही नाही. रावेरकडे माझा भाऊ केळीत आहे, तो बागेला कडेने शेवरी आणि गजराज गवत लावतो, झाडांना लू लागू नये म्हणून, केळीची पानं फाटली की घड भरत नाही. केळीला आडोसा द्यायचं शहाणपण आपल्याला आहे तर पत्र्याच्या अंगणवाडीत बसलेल्या पोरांना का नको?

मार्क द्यायचे तर वस्तूला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पॅम्प्लेटवरच्या १५ डिग्रीसाठी. दुकानाला पूर्ण पाच, कारण आप्पांनी महागाचा डबा गळ्यात मारला नाही, जो पाहिजे तोच दिला, आणि उरलेली न फोडलेली बादली परत घेतली. ठेकेदाराला दोन.

आप्पा, हे वाचलंत तर एक विनंती आहे. वीस लिटरची बादली एका पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला घेता येत नाही, त्याला लागतो चार-पाच लिटर माल. तुमच्याकडे चार लिटरचे डबे मागवून ठेवा, कंपनीकडे मिळतात, मी विचारलंय. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांमध्येच निम्म्या पत्र्याखाली राहतात, त्यांना मी तुमच्याकडे पाठवते, आणि रोलर भाड्याने देता आला तर तोही द्या, मारायचं काम त्या स्वतः करतील.